तीनशेचे तीनशेच? रीटचा जुना भाव वाचताना

एम्बसी ऑफिस पार्क्स रीट हे भारतातलं पहिलं रीट. १ एप्रिल २०१९ ला ते शेअर बाजारात आलं. आयपीओतला भाव होता युनिटला ३०० रुपये. मधल्या काळात हा भाव बराच वर गेला, खाली आला, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा ३०० च्या आसपासच होता. म्हणजे ज्याने सुरुवातीला पैसे घातले, त्याला चार वर्षांत काहीच मिळालं नाही का?

माझ्या पीएच.डी.चा विषय मालमत्तेच्या किमतींचे निर्देशांक हा आहे, आणि वरचा प्रश्न म्हणजे त्या विषयाचं प्रवेशद्वार आहे. शिवाय तो नुसता पुस्तकी प्रश्न नाही. माझं गाव फुलसावंगी, तालुका महागाव. तिकडे हल्ली एक विचारणा हमखास होते : निवृत्तीचे पैसे आलेत, शेत घ्यावं की हे रीट का काय ते घ्यावं? विचारणाऱ्याच्या हातात मोबाईलवरचा एक आलेख असतो. तो आलेख नक्की कशाचा आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नाही.

आधी रीट म्हणजे काय

रीट म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास. अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती घ्यायच्या आणि येणारं भाडं युनिटधारकांत वाटायचं. एम्बसीकडे नरिमन पॉइंटचे एक्सप्रेस टॉवर्स आहेत, हिंजवडीतली ऑफिसं आहेत. सेबीने २०१४ मध्ये याचे नियम केले. त्यातली आपल्या कामाची अट एकच : वाटता येण्याजोग्या निव्वळ रोख रकमेच्या किमान ९० टक्के रक्कम वाटलीच पाहिजे.

या अटीचा भावावर काय परिणाम होतो ते बघा. एखादी कंपनी नफा स्वतःकडे ठेवून वाढत जाते, आणि ती वाढ शेअरच्या भावात दिसते. रीटला तसं फारसं करता येत नाही. मिळकत दर तिमाहीला बाहेर पडते. त्यामुळे एम्बसीच्या पहिल्या चार आर्थिक वर्षांत युनिटमागे दरवर्षी साधारण २१ ते २४ रुपये वाटले गेले. चारही वर्षं मिळून ८५ रुपयांपेक्षा जास्त. हे पैसे बँक खात्यात आले, भावाच्या आलेखात ते कुठेच नाहीत. ‘तीनशेचे तीनशेच’ हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच.

मागचे भाव कसे बदलतात

आता दुसरी बाजू. काही संकेतस्थळांवर भावाच्या दोन रांगा मिळतात : एक ‘क्लोज’, दुसरी ‘ॲडजस्टेड क्लोज’, म्हणजे समायोजित भाव. दुसरी रांग वाटप हिशेबात धरते. कशी, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो.

समजा, काल युनिट ३०० ला बंद झालं आणि आज ६ रुपये वाटपाची एक्स-डेट आहे. आजपासून विकत घेणाऱ्याला ते ६ रुपये मिळणार नाहीत, म्हणून बाकी सगळं जैसे थे असेल तर भाव २९४ ला उघडतो. ही पडझड नाही, खिशातून खिशात गेलेले पैसे आहेत. ती पडझड दिसू नये म्हणून मागच्या प्रत्येक भावाला २९४ भागिले ३००, म्हणजे ०.९८ ने गुणतात. पूर्वी कधी भाव २५० असेल तर तो आता २४५ दिसतो. पुढच्या तिमाहीत पुन्हा तेवढंच वाटप झालं की तोच भाव २४०.१० होतो.

म्हणजे इतिहास दर तिमाहीला बदलतो! दोन विद्यार्थ्यांनी सहा महिन्यांच्या अंतराने एकाच रीटची माहिती उतरवली, तर २०१९ चा भाव दोघांकडे वेगळा असेल, आणि दोघंही बरोबर असतील. ती संख्या कोणी कधी मोजलेली किंमत नसतेच. फक्त एका संख्येचं दुसऱ्या संख्येशी असलेलं प्रमाण तिथे खरं असतं.

उदाहरण चार वर्षं पुढे नेऊ. सुरुवातीला ३००, शेवटी ३००, दर तिमाहीला ६ रुपये, असे सोळा हप्ते. रोख हिशेबाने ९६ रुपये मिळाले, म्हणजे ३२ टक्के. समायोजित रांगेत मात्र सुरुवातीचा भाव सुमारे २१७ दिसेल, आणि २१७ वरून ३०० म्हणजे ३८ टक्के. हे वरचे सहा टक्के आले कुठून? समायोजनात एक गृहीतक लपलेलं आहे : प्रत्येक वाटपातून तुम्ही त्याच दिवशी पुन्हा युनिटंच घेतलीत.

ज्या घरात ते पैसे मुलीच्या फीला किंवा खताला गेले, त्या घरासाठी ३८ हा आकडा नाहीच. शिवाय सुरुवातीच्या काळात छोट्या गुंतवणूकदाराला असं करणं शक्यही नव्हतं. एम्बसीच्या आयपीओत किमान अर्ज ८०० युनिटांचा होता, २ लाख ४० हजार रुपयांचा. नंतर बाजारातही शेकड्यांच्या लॉटमध्येच खरेदी करावी लागे. ८०० युनिटांवर ६ रुपयांप्रमाणे ४,८०० रुपये आले, तरी एक लॉट घ्यायला त्याच्या कितीतरी पट लागत. एकेक युनिट घेण्याची मुभा सेबीने २०२१ मध्ये दिली. त्याआधीचा समायोजित इतिहास हा गणिताने बरोबर आणि लहान माणसासाठी अशक्य असा इतिहास आहे.

१९६० सालच्या दोन गोष्टी

वाटपासकट भाव मोजायची ही पद्धत आली कुठून? योगायोग असा की रीट आणि ही पद्धत, दोन्हींची मुळं १९६० च्या अमेरिकेत सापडतात. १४ सप्टेंबर १९६० ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो मुळात सिगारवरच्या अबकारी कराची मुदत वाढवणारा होता. रीटची तरतूद त्याला जोडलेली होती. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठात जेम्स लॉरी आणि लॉरेन्स फिशर यांनी शेअरच्या जुन्या भावांचं संशोधन केंद्र सुरू केलं. मेरिल लिंच या दलाली संस्थेला साधा प्रश्न पडला होता : शेअर घेणाऱ्या सामान्य माणसाला दीर्घकाळात नक्की किती मिळालं? उत्तर कोणाकडेच नव्हतं, कारण भाव छापलेले होते, पण लाभांश, शेअरची विभागणी, बंद पडलेल्या कंपन्या यांचा एकत्र हिशेब नव्हता. न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या १९२६ पासूनच्या नोंदी त्यांनी संगणकावर चढवल्या. १९६४ मध्ये उत्तर छापून आलं : लाभांश पुन्हा गुंतवला असं धरलं तर वर्षाला सुमारे ९ टक्के.

भारतात हा विचार नियमात यायला बराच वेळ लागला. म्युच्युअल फंडांनी आपली तुलना लाभांशासकटच्या निर्देशांकाशी करावी, ही सेबीची सक्ती फेब्रुवारी २०१८ पासूनची.

ॲम्स्टरडॅम आणि आपला वऱ्हाड

साध्या घरांचंही तेच. ॲम्स्टरडॅममधल्या हेरेनग्राख्ट या कालव्याकाठच्या घरांचा १६२८ ते १९७३ असा निर्देशांक पीट आयखहोल्ट्झ यांनी १९९७ मध्ये मांडला. महागाई वजा केली तर जवळपास साडेतीनशे वर्षांत किमती जेमतेम दुप्पट. वर्षाला ०.२ टक्के! मग त्या काळी लोक घरं का घेत राहिले? नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पॅरिस आणि ॲम्स्टरडॅमची जुनी भाडी, कर आणि खर्च जमा करून पाहिलं, तेव्हा महागाई वगळून वर्षाला ४ ते ५ टक्क्यांच्या घरात परतावा निघाला, आणि तो भाड्यातून आलेला होता.

भाड्याचा आकडाही मात्र आंधळेपणाने घेऊ नये. त्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानुसार निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. आजचा यवतमाळ जिल्हा त्यातच होता. रक्कम ठरीव, वाढीचं कलम नाही. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली तरी २५ लाख ते २५ लाखच. आजच्या ऑफिसांच्या करारात साधारणपणे दर तीन वर्षांनी १५ टक्क्यांच्या आसपास भाडेवाढ लिहिलेली असते. म्हणून भाड्याची मालिका बघताना ‘किती’ इतकंच ‘वाढतं का’ हेही बघावं लागतं.

मग शेत की रीट?

आता गावातल्या विचारणेकडे वळू. शेताबद्दल बोलताना आपण भाव सांगतो : दहा वर्षांपूर्वी एकर एवढ्याला होता, आज एवढ्याला. त्यात मक्ता नसतो. मोबाईलवरच्या रीटच्या आलेखातही बहुधा वाटप नसतं. पण रीटच्या जाहिरातीतल्या ‘एकूण परताव्या’त ते असतं. जाहिरातीतला एकूण परतावा एका हातात आणि शेताचा नुसता भाव दुसऱ्या हातात घेतला, की तराजू आधीच कललेला असतो. रीटचा नुसता आलेख आणि मक्त्यासकट शेत घेतलं, तर उलट्या बाजूला कलतो.

तुलना करायचीच तर दोन्हीकडे चार गोष्टी मांडा : सुरुवातीचा भाव, शेवटचा भाव, मधे हातात आलेली रोकड, आणि मधे झालेला खर्च व कर. शेताच्या बाबतीत रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला असतो, तो प्रत्यक्ष सौद्याचा भाव समजू नका. रीटच्या बाबतीत वाटपाची फोड बघा : त्यात लाभांश असतो, व्याज असतं, आणि काही भाग कर्जाच्या परतफेडीचा असतो. त्या तिसऱ्या भागाची करआकारणी २०२३ च्या वित्त कायद्याने बदलली. आणि समायोजित भाव वापरत असाल, तर तुमच्या स्रोताने हे तिन्ही भाग धरलेत की फक्त लाभांश, हे रीटने जाहीर केलेल्या वाटपाशी ताडून घ्या. एक तिमाही हाताने मोजून बघितली की लगेच कळतं.

यातून शेत की रीट याचं एकच उत्तर निघणार नाही. वाटपाचे पैसे तुम्ही खर्च करणार की परत गुंतवणार, यावरच तुमचा आकडा ३२ चा की ३८ चा हे ठरतं, आणि ते कुठल्याच आलेखात लिहिलेलं नसतं.

पुढच्या लेखात रीटची दुसरी किंमत घेऊ : मूल्यांककाने ठरवलेलं निव्वळ मालमत्ता मूल्य. बाजारभाव रोज हलतो आणि हे मूल्य सहा महिन्यांतून एकदा जाहीर होतं, त्यामुळे ते दिसायला फार शांत दिसतं. ती शांतता किती खरी, ते तेव्हा पाहू.