नूगा, तुर्रोन, तोर्रोने

उकळता मध फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात हळूहळू ओतायचा, घोटून घोटून दाट झाला की त्यात भाजलेले बदाम घालायचे. फ्रान्समधल्या माँतेलिमारच्या या मिठाईचं नाव ‘नूगा’. तिथल्या लोकांना विचाराल तर ते एका म्हातारीची गोष्ट सांगतील. तिच्या हातचा खाऊ खाऊन पोरं म्हणायची, ‘त्यू नू गात’, म्हणजे ‘तू आमचे लाड करतेस’! गोष्ट गोड आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. शब्द आला दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेतून, आणि त्याचं मूळ लॅटिन ‘नुक्स’, म्हणजे अक्रोडासारखं टणक कवचाचं फळ. मजा अशी, की आज माँतेलिमारच्या नूगात किमान २८ टक्के बदाम लागतात; नावातला अक्रोड मागेच राहिला.

स्पेननं याच मिठाईला ‘तुर्रोन’ म्हटलं. त्याचा धागा लॅटिनमधल्या भाजण्याच्या क्रियापदाशी जोडतात. एकानं फळ पाहिलं, दुसऱ्यानं भट्टी. इटलीतल्या ‘तोर्रोने’चंही मूळ तेच. क्रेमोनाचे लोक मात्र ते आपल्या तोर्रात्सो मनोऱ्याशी जोडतात आणि स्फोर्झा आणि व्हिस्कोन्ती घराण्यांमधल्या १४४१च्या लग्नात मनोऱ्याच्या आकाराची मिठाई वाढल्याचं सांगतात.

तुर्रोन स्पॅनिशांबरोबर फिलिपिन्सला पोचला तेव्हा बदामाची जागा काजूनं घेतली: ‘तुर्रोनेस दे कासुय’. हा ‘कासुय’ आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेला ‘काजू’ सख्खे भाऊ. दोघांचं घर ब्राझीलमधली तुपी भाषा.