फोटो कोणाचा, गाणे कोणाचे?

आम्ही शिक्षक एखादा पाठ पडद्यावर दाखवायचे ठरवतो, तेव्हा चार-सहा छायाचित्रे जमवतो, मागे एखादे गाणे लावतो. अशा वेळी वर्गातून हात वर येतो, ‘सर, हा फोटो तुम्ही काढलात का?’ प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरामागे मोठा इतिहास आहे.

आधी गाण्याचे पाहू. साल १८४७, शहर पॅरिस. एर्नेस्त बूर्जे हे गीतकार आंबासादर नावाच्या कॅफेत बसले होते. तिथे वाद्यवृंद त्यांचेच गाणे वाजवत होता. बिल आले तेव्हा बूर्जे यांनी पैसे द्यायला नकार दिला. माझ्या गाण्याचे पैसे कॅफे देत नाही, मग मी पेयाचे का द्यावेत, असा त्यांचा सवाल होता. प्रकरण न्यायालयात गेले. नाटककाराच्या परवानगीवाचून नाटक रंगमंचावर आणता येणार नाही, हा कायदा फ्रान्समध्ये १७९१ सालीच झाला होता. तो कॅफेतल्या गाण्यालाही लागू होतो असे ठरले आणि बूर्जे जिंकले. पण प्रत्येक कॅफेत जाऊन कान देणार कोण? म्हणून १८५१ साली गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांनी मिळून ‘सासेम’ ही संस्था काढली. सर्वांच्या वतीने मानधन गोळा करायचे आणि वाटायचे, हे तिचे काम. ती आजही चालू आहे.

आता छायाचित्र. इथे अडचण वेगळीच होती. चित्र चित्रकार काढतो. छायाचित्र तर प्रकाश आणि रसायने मिळून काढतात! मग त्याचा कर्ता कोण? १८८२ साली ऑस्कर वाइल्ड व्याख्यानांसाठी अमेरिकेत आले. न्यूयॉर्कमध्ये नेपोलियन सारोनी यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. त्यांतल्या एकाच्या सुमारे ८५,००० प्रती एका छपाई कंपनीने परवानगीवाचून काढल्या. कंपनीचे म्हणणे असे की, यंत्राने केलेल्या नकलेला लेखक नसतो. १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. बैठक कशी असावी, पोशाख कोणता, पडदा कुठे, प्रकाश आणि छाया कशी पडावी, हे सारोनी यांनी ठरवले होते. यंत्राला हे सुचत नाही. म्हणून कर्ता सारोनीच.

आपल्याकडे आज १९५७ चा कायदा आहे. लेखक, संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकारालाही तोच नियम लागू झाला. ध्वनिमुद्रणाची मुदत मात्र प्रकाशनापासून ६० वर्षे. म्हणजे एकाच गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे वेगवेगळे हक्क असतात. तुकारामांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत. पण त्याला अलीकडे लावलेली चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण सर्वांचे नाही.

मग आम्ही वर्गात काहीच दाखवायचे नाही का? तसे नाही. याच कायद्याचे कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला सवलत देते. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी गाणे सादर केले आणि प्रेक्षक शाळेचे व पालकच असले, तर तेही चालते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यापुरत्या उताऱ्यांच्या बाबतीत याच सवलतीचा आधार घेतला.

पण तोच पाठ उद्या इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवला, की वर्गाची भिंत संपते आणि सवलतीचा आधारही डळमळतो. तिथे परवानगी घ्यावी, मुदत संपलेले साहित्य वापरावे किंवा फोटो स्वतः काढावा. कर्त्याचे नाव लिहिणे ही सभ्यता आहे, पण नाव लिहिले म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे.

एक उपक्रम सुचवतो. मुलांना प्रत्येक स्लाइडखाली तीन गोष्टी लिहायला सांगा : हे कोणी केले, कधी केले, आपल्याला कसे मिळाले. पहिल्याच दिवशी निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या, तरी हरकत नाही. त्या भरताना मुले जे शोधतील, तोही अभ्यासच आहे. आणि तो वर आलेला हात? त्याला आम्हाला खरे उत्तर देता येईल.