संशोधनभांडारांतील परस्परसंपर्क

१९९१ साली पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामॉस येथे भौतिकशास्त्रातील प्रकाशनपूर्व निबंधांचे संगणकीय भांडार उघडले. पुढे इतर विषयांचीही भांडारे निर्माण झाली. परंतु त्यांच्या नोंदींच्या रीती भिन्न असल्यामुळे अभ्यासकास प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र शोध घ्यावा लागे. ऑक्टोबर १९९९ मध्ये सांता फे येथे भरलेल्या बैठकीने यावर मार्ग काढला. भांडारे एकत्र करण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या नोंदी ठराविक रीतीने इतरांस उपलब्ध कराव्यात, असे ठरले. २००१ मधील ‘ओएआय-पीएमएच’ या संकेताने त्यास स्थिर रूप दिले. त्यात विनंतीचे ६ प्रकार असून, ‘डब्लिन कोअर’च्या १५ घटकांत नोंद देणे प्रत्येक भांडारास आवश्यक केले आहे. निबंध मूळ जागीच राहतात, नोंदी मात्र सर्वत्र पोहोचतात. तथापि एकाच लेखकाचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले गेल्यास हा संकेत त्यांचा मेळ घालू शकत नाही. त्यासाठी नोंदकाराची दक्षताच लागते.