निवडून आलेले, तरीही ‘नियुक्त’ : वऱ्हाडातील मर्यादित मताधिकाराच्या निवडणुकांचा इतिहास

खामगावच्या कापूस बाजाराला दीडशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. बाजारपेठ, जिनिंगचे कारखाने, आडतदारांच्या पेढ्या यांमुळे हे गाव विसाव्या शतकाच्या प्रारंभी वऱ्हाडातील एक महत्त्वाचे शहर बनले होते. तथापि, या शहरातील मतदाराचे राजकीय स्थान मात्र विलक्षण होते. १९२० ते १९३५ या काळात त्याने देशाच्या किंवा प्रांताच्या कायदेमंडळावर आपला प्रतिनिधी निवडून दिला, तरी तो प्रतिनिधी कायद्याच्या दृष्टीने ‘निवडलेला’ ठरत नसे. सरकार त्याची ‘नियुक्ती’ करीत असे. ब्रिटिश हिंदुस्थानातील निवडणुका सर्वत्रच मर्यादित होत्या. पण वऱ्हाडात ही मर्यादा दुहेरी होती. हा इतिहास आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे.

एक प्रदेश, दोन धनी

या विसंगतीचे मूळ १८५३ च्या तहात आहे. कंपनी सरकारच्या फौजेच्या खर्चापोटी हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. तो खालसा झाला नाही. केवळ कारभारासाठी सोपविला गेला. लॉर्ड कर्झन यांनी १९०२ मध्ये निजामाशी नवा करार केला आणि दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यात आला. १९०५ मध्ये वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांचे चार जिल्हे झाले. त्या फेररचनेत खामगाव अकोला जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात आले.

राज्य इंग्रजांचे आणि सार्वभौमत्व निजामाचे, अशी ही रचना होती. तिचे परिणाम केवळ कागदोपत्री नव्हते. वऱ्हाड हा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे दिल्लीच्या किंवा नागपूरच्या कायदेमंडळाने संमत केलेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. तो स्वतंत्र आदेशाने लागू करावा लागे. वऱ्हाडचा रहिवासी केवळ येथे जन्मला एवढ्यावरून ब्रिटिश प्रजाजन ठरत नसे. अशा प्रदेशातून ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळावर सदस्य निवडून द्यायचा कसा, हा कायदेपंडितांपुढे पेच होता. त्यावर जी तोड काढण्यात आली, ती म्हणजे ‘निवडणुकीच्या निकालानुसार नियुक्ती’.

१९१९ चा कायदा आणि वऱ्हाड

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी १९१९ च्या कायद्याद्वारे केंद्रात दोन सभागृहे निर्माण केली. कनिष्ठ सभागृह म्हणजे मध्यवर्ती विधिमंडळ. त्याच्या १४५ सदस्यांपैकी १०४ निवडलेले आणि ४१ नियुक्त असत. या ४१ मध्ये २६ सरकारी अधिकारी होते. उरलेल्या १५ बिनसरकारी सदस्यांत एक जागा वऱ्हाडची होती. येथे रीतसर उमेदवार उभे राहत, मतदान होत असे, निकाल लागत असे आणि विजयी उमेदवाराचे नाव नियुक्त सदस्यांच्या यादीत घातले जात असे. कौन्सिल ऑफ स्टेट या वरिष्ठ सभागृहाचेही तसेच होते. त्यातील निवडलेल्या सदस्यांची संख्या काही ग्रंथांत ३३, तर काहींत ३४ दिलेली आढळते. हा फरक वऱ्हाडच्या एका जागेचा आहे. ती निवडलेली मानायची की नियुक्त, यावर आकडा अवलंबून राहतो.

मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलातही हाच प्रकार होता. मध्यप्रांतातून ३७ सदस्य निवडून येत, तर वऱ्हाडातील १७ सदस्य निवडणुकीनंतर नियुक्त केले जात. व्यवहारात या १७ जणांना इतरांइतकेच अधिकार होते. परंतु वऱ्हाडी मतदाराच्या कौलावर सरकारी मोहोर उमटल्याखेरीज त्याला कायदेशीर अस्तित्व नव्हते, ही वस्तुस्थिती कायम राहिली.

मत कोणाला होते?

दुसरी मर्यादा साऱ्या देशाला समान होती. मताचा हक्क मालमत्तेशी बांधलेला होता. ठरावीक रकमेहून अधिक शेतसारा भरणारा खातेदार, प्राप्तिकर भरणारा व्यापारी, शहरात ठरावीक भाड्याच्या घरात राहणारा गृहस्थ किंवा लष्करी निवृत्तिवेतनधारक अशा मोजक्या लोकांना मत देता येई. प्रांतिक कौन्सिलासाठी पात्रता तुलनेने खालची, मध्यवर्ती विधिमंडळासाठी त्याहून वरची आणि कौन्सिल ऑफ स्टेटसाठी फारच वरची होती. १९२० मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाच्या मतदारांची संख्या साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ९ लाख, तर कौन्सिल ऑफ स्टेटच्या मतदारांची सुमारे १७ हजार होती.

खामगावसारख्या गावात याचा अर्थ काय होता, हे समजणे कठीण नाही. पेढीचा मालक, वकील, मोठा खातेदार मतदार होता. कापसाच्या गाड्या रिकाम्या करणारा हमाल, जिनात रुई-सरकी वेगळी करणारी मजूर स्त्री, दुसऱ्याच्या शेतात राबणारा सालदार यांचे नाव मतदारयादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. कापसाचा भाव, शेतसारा, दारूचा ठेका या ज्या विषयांवर सभागृहांत चर्चा होई, त्यांचा भार मात्र याच लोकांवर पडत असे. स्त्रियांना मध्यप्रांतात मताधिकार मिळण्यास १९२० चे दशक बरेच सरावे लागले आणि मालमत्तेची अट त्यांनाही लागू राहिली.

बहिष्कार, प्रवेश आणि दोन रुपये पगार

या सुधारणांनुसार पहिली निवडणूक नोव्हेंबर १९२० मध्ये झाली. काँग्रेसने असहकाराचा कार्यक्रम स्वीकारून तिच्यावर बहिष्कार घातला. लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांना मात्र हा मार्ग मान्य नव्हता. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. टिळकांच्या पश्चात वऱ्हाडातील राजकारणात पडलेली ही पहिली मोठी फूट होय.

१९२३ मध्ये चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाने कौन्सिलात शिरून आतून अडवणूक करण्याचे धोरण आखले. त्याला देशात सर्वांत ठळक यश मिळाले ते मध्यप्रांत-वऱ्हाडात. येथील कौन्सिलात स्वराज्य पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले. डॉ. बा. शि. मुंजे हे त्याचे प्रमुख नेते होते. बहुमत असूनही पक्षाने मंत्रिपदे नाकारली. १९२४ मध्ये अंदाजपत्रक फेटाळण्यात आले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये इतका खाली आणण्यात आला. दुसऱ्या बाजूला, पोलीस, महसूल, न्याय ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरकडेच होती आणि फेटाळलेली रक्कम आपल्या विशेषाधिकारात मंजूर करण्याचीही त्याला मुभा होती. परिणामी सरकार पडले नाही. केवळ ‘सोपीव’ खात्यांचा कारभार गव्हर्नरने आपल्या हाती घेतला. मर्यादित लोकशाहीत बहुमताची धाव कोठवर जाते, याचा हा धडा होता.

ऑक्टोबर १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष आणि स्वराज्य पक्षाचे वऱ्हाडातील नेते श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले. यावरून पक्षात वादळ उठले. मुंजे, जयकर, न. चिं. केळकर आणि बापूजी अणे यांनी प्रतियोगी सहकारिता पक्षाचा मार्ग धरला. सत्तेत जाऊन काही पदरात पाडून घ्यावे की सत्तेला स्पर्शही करू नये, हा वाद पुढची दहा वर्षे वऱ्हाडच्या प्रत्येक निवडणुकीत डोकावत राहिला.

लोकनायक अणे आणि वऱ्हाडची जागा

मध्यवर्ती विधिमंडळातील वऱ्हाडच्या जागेशी सर्वांत दीर्घकाळ जोडले गेलेले नाव म्हणजे यवतमाळचे लोकनायक माधव श्रीहरी अणे. सरकारी यादीत त्यांच्यापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असे लिहिलेले असे आणि त्यांची गणना नियुक्तांत होत असे. सरकारचे कडवे टीकाकार असलेले अणे कागदावर सरकारनियुक्त ठरावेत, यातच त्या रचनेची विसंगती दिसते. १९३० मध्ये त्यांनी सभागृह सोडले आणि जुलै महिन्यात पुसद येथे जंगल सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. त्या वर्षीच्या निवडणुकीवर काँग्रेसचा बहिष्कार होता.

१९३४ मध्ये काँग्रेस पुन्हा मध्यवर्ती निवडणुकीत उतरली. तेव्हा देशभरातील मतदार सुमारे १४ लाख झाले होते. जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने घेतलेली तटस्थ भूमिका न पटल्याने अणे यांनी पंडित मालवीयांसमवेत वेगळा राष्ट्रीय पक्ष काढला आणि वऱ्हाडची जागा पुन्हा मिळविली. या विधिमंडळाची मुदत महायुद्धामुळे वारंवार वाढविण्यात आली. १९३४ मध्ये मत दिलेल्या मतदाराला पुढचे मत देण्यासाठी १९४५ ची वाट पाहावी लागली.

१९३५ नंतर : संख्या वाढली, चौकट राहिली

१९३५ च्या कायद्याने वऱ्हाडचा पेच निराळ्या रीतीने सोडविला. निजामाचे सार्वभौमत्व मान्य करून वऱ्हाड आणि मध्यप्रांत हा एकच प्रांत समजून कारभार करावा, असे ठरले. ऑक्टोबर १९३६ मध्ये तसा करार झाला. निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. वऱ्हाडातून निवडून आलेला सदस्य प्रांतिक विधानसभेत प्रथमच कायद्यानेही ‘निवडलेला’ ठरला.

मताधिकारही रुंदावला. साक्षरता ही नवी पात्रता आली आणि काही अटींवर मतदारांच्या पत्नींना मत मिळाले. सर्व प्रांतांत मिळून मतदार ३ कोटींहून अधिक झाले. मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या ११२ जागांची वाटणी मात्र समाजघटकांनुसार होती. ८४ सर्वसाधारण, १४ मुस्लिम, ३ स्त्रियांच्या, ३ जमीनदारांच्या, २ व्यापाऱ्यांच्या, २ कामगारांच्या, आणि उरलेल्या विद्यापीठ, आदिवासी, युरोपियन व अँग्लो-इंडियन यांच्या. १९३२ च्या पुणे करारानुसार सर्वसाधारण जागांपैकी २० अस्पृश्यवर्गासाठी राखीव होत्या. या जागांसाठी उमेदवार चारांहून अधिक असल्यास आधी अस्पृश्य मतदारांनी चौघांची निवड करायची आणि नंतर सर्व मतदारांनी त्यांतून एकाला निवडायचे, अशी पद्धत होती.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ७० जागा मिळाल्या. जुलैमध्ये डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान झाले. प्रांताच्या प्रमुख मंत्र्याला तेव्हा हीच संज्ञा होती. वर्षभरातच पक्षांतर्गत संघर्षातून खरे यांना जावे लागले आणि पंडित रविशंकर शुक्ल सत्तेवर आले. हिंदुस्थानच्या प्रतिनिधींना न विचारता देशाला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यानंतर १९४६ पर्यंत प्रांतात गव्हर्नरची राजवट होती.

१९४५ अखेरीस झालेल्या मध्यवर्ती निवडणुकीत मुस्लिम लीगने सर्व ३० मुस्लिम जागा जिंकल्या आणि फाळणीची दिशा स्पष्ट झाली. १९४६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसला ११२ पैकी ९२ जागा मिळाल्या. याच विधानसभांनी घटना समितीचे सदस्य निवडले. वऱ्हाडातून डॉ. पंजाबराव देशमुख, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे नेते तेथे गेले. सर्वांना मताधिकार देणारी राज्यघटना लिहिणारी ही समिती स्वतः मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या विधानसभांतून आली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९५२ : अट उरली ती वयाची

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि निजामाच्या सार्वभौमत्वाचा उरलासुरला प्रश्नही संपला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील मतदार १७ कोटींहून अधिक होते. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी आणि तिच्यावर चिकटविलेले चिन्ह, अशी पद्धत होती. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही मत देता आले. तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या बुलढाणा-अकोला या द्विसदस्य मतदारसंघातून गोपाळराव खेडकर आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागेवर लक्ष्मण भटकर लोकसभेत गेले. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६७ आणि १९७१ मध्ये खामगाव या नावाचा लोकसभा मतदारसंघही होता. आज खामगाव विधानसभा क्षेत्र बुलढाणा लोकसभा मतदारसंघात मोडते. मतदानाचे किमान वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झाले.

१९२० ते १९४६ या काळातील निवडणुकांना निव्वळ देखावा म्हणता येणार नाही. सभागृहातील वादविवाद, अंदाजपत्रकाची छाननी, प्रचार आणि पक्षबांधणी यांचे शिक्षण याच काळात वऱ्हाडच्या नेत्यांना मिळाले. पण ज्यांच्या जीवनावर निर्णयांचा सर्वाधिक परिणाम होत होता, ते या साऱ्याच्या बाहेर उभे होते. आडतदार आणि हमाल यांच्या मताचे मोल एक झाले, ते १९५२ मध्ये. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही हे पाहण्याचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाने हा तीन दशकांचा इतिहास एकदा तरी आठवून पाहावा.