एक्सेलमध्ये चौरस नसलेल्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स कसा काढायचा?

एक्सेलमधलं ‘एमइन्व्हर्स’ फंक्शन फक्त चौरस मॅट्रिक्सवर चालतं. ओळी ३ आणि कॉलम २ असले, की ते ‘#व्हॅल्यू!’ दाखवतं. अशा मॅट्रिक्सला दोन्ही बाजूंनी चालणारा इन्व्हर्स नसतोच. त्याच्या जागी स्यूडोइन्व्हर्स वापरतात. मूर यांनी १९२० मध्ये आणि पेनरोज यांनी १९५५ मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला.

उदाहरण

समजा, १, २ आणि ३ किमीच्या डिलिव्हरीला ३२, ४३ आणि ५१ रुपये लागले. आपल्याला ठरावीक आकार आणि दर किमीचा दर काढायचाय. ए२:ए४ मध्ये तिन्ही ठिकाणी १ लिहा, बी२:बी४ मध्ये अंतर आणि सी२:सी४ मध्ये रक्कम. मग हे सूत्र टाका (फंक्शनची नावं शीटमध्ये इंग्रजीत टाइप करा):

=एममल्ट(एमइन्व्हर्स(एममल्ट(ट्रान्सपोज(ए२:बी४),ए२:बी४)),ट्रान्सपोज(ए२:बी४))

एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचं असेल, तर आधी २ ओळी × ३ कॉलम सिलेक्ट करा आणि कंट्रोल+शिफ्ट+एंटर दाबा. नव्या एक्सेलमध्ये नुसतं एंटर पुरतं. उत्तर असं येईल:

१.३३, ०.३३, –०.६७
–०.५, ०, ०.५

याला ‘एममल्ट’ने सी२:सी४ शी गुणलं, की २३ आणि ९.५ मिळतात. म्हणजे ठरावीक आकार २३ रुपये, दर किमीला ९.५० रुपये. तिन्ही बिलं यात तंतोतंत बसत नाहीत. फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारं हे उत्तर आहे.

कॉलम जास्त असतील तर?

मग क्रम बदलतो: मूळ मॅट्रिक्सला तिच्या ट्रान्सपोजने गुणा, त्याचा इन्व्हर्स काढा आणि त्याच्या डावीकडे ट्रान्सपोज लावा.

हे तपासाच

स्यूडोइन्व्हर्स डावीकडे ठेवून मूळ मॅट्रिक्सशी गुणा. इथे २×२ युनिट मॅट्रिक्स यायला हवी. उलट क्रमाने गुणलं तर ती येत नाही (पहिल्याच सेलमध्ये ०.८३ दिसेल), पण ती चूक नव्हे.

खरा धोका वेगळाच आहे. एक कॉलम दुसऱ्याच्या पटीत असेल, उदाहरणार्थ अंतर किमीतही आणि मीटरमध्येही, तर इन्व्हर्स निघतच नाही. तेव्हा ‘#नम!’ आलं तर उत्तम, कारण चूक लगेच कळते. कधीकधी मात्र राउंडिंगमुळे एरर न येता भलतेच मोठे आकडे येतात आणि ते खरे वाटतात.

म्हणून नुसता दर हवा असेल तर मी ‘लिनेस्ट’ वापरतो. =लिनेस्ट(सी२:सी४,बी२:बी४) टाकलं, की ९.५ आणि २३ थेट मिळतात.