स्कॅन काय सांगतो, काय सांगत नाही

'सारखे डोके दुखते ना, मग एकदा स्कॅन करून घ्या,' हा सल्ला आता डॉक्टरांच्या आधी शेजारीच देतात. सीटी स्कॅन, एमआरआय, सोनोग्राफी, पेट स्कॅन हे शब्द शहरी मध्यमवर्गाच्या बोलण्यात रुळले आहेत. मोठ्या पाकिटातील काळ्या फिल्म आणि सोबतचा दोन पानी रिपोर्ट हाती आला की निदान झाले, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात स्कॅन हा निदानासाठीचा पुरावा असतो, निकाल नव्हे. रुग्णाची लक्षणे, डॉक्टरांनी केलेली तपासणी आणि रक्ताचे अहवाल यांच्याशी पडताळून पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मेंदूचे विकार आणि क्षयासारखे सर्व शरीर व्यापणारे आजार यांच्याबाबत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. कारण तेथे चुकीच्या अर्थाची किंमत महिनोन् महिने घेतलेली अनावश्यक औषधे, तर कधी टाळता आली असती अशी शस्त्रक्रिया, या स्वरूपात मोजावी लागते.

कवटीच्या आत डोकावण्याचा प्रवास

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रॉन्टजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. या किरणांनी हाडे स्पष्ट दिसू लागली, परंतु हाडांच्या पेटीत बंद असलेला मऊ मेंदू अदृश्यच राहिला. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्र घेण्याची पद्धत मांडली. ती रुग्णाला अतिशय त्रासदायक होती. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये रक्तवाहिन्यांत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण केले. या सर्व पद्धतींत मेंदूतील गाठ थेट दिसत नसे. पोकळीचा किंवा रक्तवाहिनीचा आकार बदलला, यावरून तिचा तर्क करावा लागे.

हे चित्र पालटले ते लंडनमध्ये. ईएमआय या ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. या शोधासाठी हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर आलेल्या एमआरआय तंत्रासाठी पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये हाच सन्मान लाभला.

कोणती तपासणी कशासाठी?

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांच्या साह्याने शरीराचे आडवे छेद संगणकावर उभे केले जातात. तपासणी काही मिनिटांत आटोपते. ताजा रक्तस्राव, कवटीचे फ्रॅक्चर आणि मेंदूतील कॅल्शियमचे साठे यात चांगले दिसतात. त्यामुळे अपघात आणि तातडीच्या प्रसंगी सीटी स्कॅनला पहिले स्थान आहे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या मदतीने शरीरातील पाणी व चरबीतल्या हायड्रोजन अणूंकडून संकेत मिळवले जातात. तपासणीला साधारण अर्धा तास लागतो आणि रुग्णाला बोगद्यासारख्या यंत्रात निश्चल पडून राहावे लागते. मज्जारज्जू, मेंदूचा तळभाग आणि मेंदूतील सूक्ष्म बदल मात्र एमआरआयमध्येच नीट कळतात.

पेट स्कॅन अवयवाच्या आकारापेक्षा त्याच्या कामकाजाविषयी सांगतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देऊन ती शरीरात कोठे अधिक वापरली जाते, हे त्यात पाहिले जाते. या फ्लोरिनची किरणोत्सारिता सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, म्हणून औषध तयार होण्याचे ठिकाण जवळ असावे लागते. भारतात ही सुविधा २००२ मध्ये मुंबईत परळ येथे प्रथम सुरू झाली. कर्करोगाचा प्रसार पाहण्यासाठी आणि काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तिचा उपयोग होतो.

पक्षाघात : प्रत्येक मिनिट मोलाचे

स्कॅनवाचून निर्णयच घेता येत नाही असा आजार म्हणजे पक्षाघात. हातापायातील शक्ती अचानक जाणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे रक्ताच्या गुठळीने होतात, तशीच रक्तवाहिनी फुटूनही होतात. दोहोंचे उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णाला दिले, तर ते प्राणघातक ठरू शकते. रुग्णाला बाहेरून पाहून हा फरक खात्रीने सांगता येत नाही. सीटी स्कॅन तो लगेच दाखवतो, कारण ताजे रक्त त्यात पांढरे दिसते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी स्कॅन जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. त्याचा अर्थ 'काही झालेले नाही' असा नसून 'रक्तस्राव नाही' एवढाच असतो. अशा वेळी एमआरआयमधील 'डिफ्यूजन' ही पद्धत रक्तपुरवठा तुटलेला भाग फार लवकर दाखवते. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीद्वारे बाहेर काढण्याचा उपचार, मेंदूचा वाचवण्याजोगा भाग स्कॅनमध्ये दिसत असल्यास, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून सिद्ध झाले. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतील सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला होता. म्हणूनच अशा रुग्णाला जवळच्या दवाखान्यात नेऊन थांबण्यापेक्षा चोवीस तास सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट नेणे हिताचे ठरते.

मेंदूतील एक ठिपका

स्कॅनचा अर्थ लावणे किती कठीण असते, याचे बोलके उदाहरण भारतातच घडले. देशात सीटी स्कॅनची यंत्रे आल्यावर, प्रथमच आकडी आलेल्या अनेक तरुण रुग्णांच्या मेंदूत एकच लहान, कडीसारखा चमकणारा ठिपका दिसू लागला. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने तो क्षयाची गाठ समजला जाई आणि क्षयाची औषधे दीर्घकाळ दिली जात. पुढे काही महिन्यांनी स्कॅन केल्यावर ठिपका नाहीसा झालेला आढळे आणि औषध लागू पडले, असे मानले जाई. मात्र ज्यांनी ही औषधे घेतली नव्हती, त्यांच्याही मेंदूतील ठिपके विरून जात होते.

वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मेंदूशल्यविशारदांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. यांतील अनेक ठिपके क्षयाचे नसून टेपवर्म या जंताच्या मरणाऱ्या अळीभोवतीची सूज असल्याचे स्पष्ट झाले. डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दोहोंतील फरक ओळखण्याचे निकष प्रसिद्ध केले. ठिपका २० मिलिमीटरहून लहान असणे, त्याची कड नियमित असणे आणि सुजेमुळे मेंदूचा मध्यभाग सरकलेला नसणे हे स्कॅनवरचे निकष होते. त्यांच्या जोडीला रुग्णाच्या तपासणीचेही निकष होते. आकडीखेरीज मेंदूवरील दाब सतत वाढलेला नसावा, अशक्तपणा वाढत जात नसावा आणि शरीरात अन्यत्र क्षयासारखा आजार नसावा. म्हणजे निम्मे उत्तर फिल्मवर आणि निम्मे रुग्णाच्या तपासणीत होते. या निकषांमुळे असंख्य रुग्णांची शस्त्रक्रियेतून आणि क्षयाच्या अनावश्यक औषधांतून सुटका झाली.

या आजाराविषयीचा एक गैरसमज दूर व्हायला हवा. मेंदूतील अळी केवळ डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होते, असे नाही. टेपवर्म पोटात असलेल्या व्यक्तीच्या विष्ठेतील अंडी अस्वच्छ हात, पाणी किंवा न धुतलेल्या भाज्यांतून पोटात गेली की ती होते. त्यामुळे कट्टर शाकाहारी व्यक्तीच्या स्कॅनमध्येही ती आढळते.

आजार शरीराचा, खूण मज्जासंस्थेत

अनेक शरीरव्यापी आजार प्रथम मेंदू किंवा मज्जारज्जूत प्रकट होतात. पाठीच्या मणक्याचा क्षय साध्या क्ष-किरण चित्रात दिसण्याच्या बराच आधी एमआरआयमध्ये कळतो आणि वेळीच औषधे सुरू झाल्यास पाय लुळे पडणे टळू शकते. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात स्कॅनमध्ये पोकळ्यांत साचलेले पाणी किंवा गाठी दिसल्या, तरी पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीचे महत्त्व कमी होत नाही.

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शुद्ध शाकाहारी व्यक्तींत अधिक आढळते. पायांना मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे ही तिची लक्षणे असतात. मज्जारज्जूच्या मागील भागातील बदल एमआरआयमध्ये उलट्या 'व्ही'सारखे दिसू शकतात, परंतु ते प्रत्येक रुग्णात दिसतीलच असे नाही. त्या मानाने स्वस्त असलेली रक्ततपासणी येथे आधी करणे शहाणपणाचे असते. शरीरात तांबे साठत जाणाऱ्या विल्सन या आनुवंशिक आजारात यकृत आणि मेंदू दोन्ही बिघडतात. काही रुग्णांच्या मध्यमेंदूत एमआरआयवर पांडाच्या चेहऱ्यासारखी आकृती उमटते. तिच्या जोडीला डोळ्यांच्या बुबुळाभोवतीचे तपकिरी कडे आणि रक्त-लघवीच्या चाचण्या पाहून निदान पक्के होते. हा आजार औषधाने आटोक्यात येतो, म्हणून तो वेळीच ओळखणे आवश्यक असते.

'नॉर्मल' आणि 'अ‍ॅबनॉर्मल'

स्कॅन निर्दोष म्हणजे आजार नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. अर्धशिशीत स्कॅन सहसा निर्दोषच असतो. कंपवाताचे निदान आजही मुख्यतः डॉक्टरांच्या तपासणीवरून होते. अपस्माराच्या अनेक रुग्णांच्या एमआरआयमध्ये काहीही आढळत नाही.

याच्या उलटही घडते. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ जणांच्या कमरेचा एमआरआय काढण्यात आला. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींच्या निदान एका मणक्याची चकती फुगलेली आढळली. यांना पुढे कधी कंबरदुखी झाली असती आणि तेव्हा स्कॅन काढला असता, तर सारा दोष त्या चकतीला दिला गेला असता. रिपोर्टच्या शेवटी क्ष-किरणतज्ज्ञ 'लक्षणांशी पडताळून पाहावे' अशा अर्थाचे वाक्य लिहितात, ते याचसाठी.

धोके आणि दक्षता

डोक्याच्या सीटी स्कॅनमधून साधारण दोन मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून प्रत्येकाला वर्षभरात मिळणारी जागतिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आहे. गरजेच्या वेळी हा धोका नगण्य असला, तरी लहान मुले व गर्भवतींच्या बाबतीत काळजी घ्यावी लागते. सीटी यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना बंधनकारक आहे.

एमआरआयचा धोका चुंबकाचा आहे आणि रुग्ण यंत्रात नसतानाही चुंबक चालूच असतो. मुंबईतील नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये प्राणवायूचे सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा त्यात ओढला जाऊन मृत्यू झाला. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडी कण यांची माहिती आधी देणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. शिरेतून औषध देऊन स्कॅन करायचा असल्यास मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या आणि पूर्वीची अ‍ॅलर्जी हेही सांगावे.

रुग्णांनी काय करावे?

स्कॅन सुचवला गेल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : या तपासणीतून काय शोधायचे आहे, आणि ते सापडले किंवा न सापडले तर उपचारांत कोणता बदल होईल? याचे उत्तर स्पष्ट असेल, तर खर्चाकडे न पाहता स्कॅन लवकर करावा. चिठ्ठीवर केवळ तपासणीचे नाव न लिहिता लक्षणे आणि शंका नमूद करण्याची विनंती करावी, कारण क्ष-किरणतज्ज्ञाला काय शोधायचे हे त्यावरूनच कळते. जुने स्कॅन जपून ठेवावेत व प्रत्येक वेळी सोबत न्यावेत, कारण ठिपका नवा की जुना, वाढता की विरणारा, हे तुलनेनेच समजते. रिपोर्ट आल्यावर त्यातील एखादा शब्द वाचून घाबरून जाण्यापेक्षा, ज्या डॉक्टरांनी रुग्णाला तपासले आहे त्यांच्यासमोर तो फिल्मसह ठेवणे हेच योग्य.