ईझल, जुनी

चित्र काढताना कॅनव्हास किंवा फळी उभी धरणारी लाकडी चौकट. तिची साधी तिपाई महाराष्ट्रात चित्रकारांइतकीच शाळांनीही वापरली. बारामती-इंदापूरकडच्या जुन्या मंडळींना ती काळ्या फळ्याखाली पाहिलेली आठवेल. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा कागदावर, बसून द्यायच्या असल्याने तिथे ईझलची गरजच पडत नाही. तैलरंगासाठी मात्र ती लागते, आणि तैलचित्रणाचे शिक्षण 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे रुजले.

स्टुडिओतली ईझल जड, चौकोनी बैठकीची असते. तिची आधारपट्टी खुंटीने किंवा स्क्रूने वरखाली होते. तैलचित्राला ती किंचित पुढे झुकवतात, म्हणजे ओल्या रंगावर उजेड चमकत नाही आणि धूळही कमी बसते. जलरंगाला हा कल चालत नाही, ओघळ येतात. 1841 मध्ये धातूच्या नळीतले रंग निघाल्यावर पेटीची घडीची ईझल घेऊन चित्रकार उघड्यावर जाऊ लागले.

जुनी ईझल घेताना सांधे हलवून पाहावेत आणि लाकडाला बारीक भोके व ताजा भुसा आहे का ते तपासावे. वाळलेले रंगाचे थर खरवडू नयेत. तिच्या वापराचा तोच पुरावा, पॉलिश नव्हे. शंभर वर्षांच्या आतली ईझल ‘अँटिक’ म्हणून विकणे ही विक्रेत्याची हौस. घरात तिच्यावर आजोबांचा फोटो ठेवायचा असल्यास मागचा पाय भिंतीलगत, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर असावा.